डेटाबेस सर्व्हरची स्मृति व तिचें अंदाजपत्रक

संसाराचें अंदाजपत्रक मांडतांना सुज्ञ गृहिणी दोन गोष्टी कधींच विसरत नाहीं. एक, महिन्याची मिळकत ठरलेली आहे. आणि दुसरी, खर्चाचीं तोंडें अनेक आहेत. त्यांपैकीं कांहीं खर्च दरमहा ठरलेले असतात व कांहीं खर्च घरीं पाहुणे किती येतील यावर अवलंबून असतात. जी केवळ ठरलेल्या खर्चाचा हिशेब करते व पाहुण्यांचा विसरते, तिची ओढाताण नेमकी सणाच्या दिवशीं होते. यंत्रांच्या जगांतहि असाच एक संसार आहे, आणि त्याचें अंदाजपत्रक चुकलें तर त्याचा त्रास हजारों अनोळखी माणसांस भोगावा लागतो. तो संसार म्हणजे डेटाबेस सर्व्हरच्या स्मृतीचा.

आपल्या पनवेलच्या विद्यार्थ्यांस हा विषय दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. पूर्वीं पनवेलची ओळख खाडीवरील बंदर व मुंबई-पुणें रस्त्यावरची व्यापारी पेठ अशी होती. आज त्याच पनवेलच्या परिसरांत, हिरानंदानी फॉर्च्यून सिटी या वसाहतींत, ‘यॉट्टा एन एम १’ नांवाचें एक प्रचंड डेटा सेंटर उभें आहे. तें जुलै २०२० मध्यें सुरू झालें. सर्व्हर एकावर एक रचून ठेवण्यासाठीं जे उंच लोखंडी सांगाडे लागतात त्यांना रॅक म्हणतात. असे ७,२०० रॅक मावतील अशी त्या इमारतीची योजना आहे. पूर्वीं पेठेंत धान्याच्या गोण्या सांठविल्या जात. अशा इमारतींत माहिती सांठविली जाते व मागेल त्यास क्षणार्धांत पुरविली जाते. घरबसल्या भरलेलें विजेचें बिल, रुग्णालयांतील केसपेपर, शाळेचा निकाल, बँकेंतील शिल्लक, या सर्वांच्या मागें कोठें तरी एक डेटाबेस सर्व्हर जागा असतो.

डेटाबेस म्हणजे नोंदींचा व्यवस्थित संग्रह, आणि सर्व्हर म्हणजे दुसऱ्या संगणकांच्या मागण्या पुरवीत राहणारा संगणक. आजचे बहुतेक डेटाबेस ज्या तत्त्वावर चालतात, तें नोंदींच्या कोष्टकांचें तत्त्व एडगर कॉड या गणितज्ञानें १९७० सालीं मांडलें. त्या तत्त्वावर पुढें जीं सॉफ्टवेअरें तयार झालीं त्यांपैकीं पोस्टग्रेस व मायएसक्यूएल हीं दोन सर्वांस फुकट मिळण्यासारखीं आहेत. पोस्टग्रेसचें काम अमेरिकेंतील बर्कली येथील विद्यापीठांत मायकेल स्टोनब्रेकर यांनीं १९८६ मध्यें आरंभिलें. मायएसक्यूएल १९९५ मध्यें लोकांपुढें आलें. या लेखांतील हिशेब मुख्यतः पोस्टग्रेसच्या रीतीनें केला आहे.

आतां स्मृति म्हणजे काय तें पाहूं. भुसारी मालाच्या जुन्या व्यापाऱ्याकडे दोन जागा असत. पुढें लहानसें दुकान व मागें मोठी वखार. गिऱ्हाईक मागेल तो तांदूळ दुकानांत असला तर लगेच मापून देतां येई. नसला तर गडी वखारींत धाडावा लागे, आणि तोंपर्यंत गिऱ्हाईक तिष्ठत राही. संगणकांतहि अशाच दोन जागा आहेत. डिस्क ही वखार. ती मोठी, स्वस्त, व वीज गेली तरी माल राखणारी, पण मंद. स्मृति, जिला व्यवहारांत रॅम म्हणतात, ती दुकान. ती लहान, महाग, व वीज जातांच रिकामी होणारी; पण अत्यंत चपळ.

या चपळपणाचें प्रमाण डोळ्यांपुढें आणणें उपयुक्त आहे. स्मृतींतील एक गोष्ट काढण्यास सुमारें १०० नॅनोसेकंद लागतात. नव्या पद्धतीच्या, चक्ती न फिरणाऱ्या डिस्कमधून तीच गोष्ट आणण्यास सुमारें १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट वेळ लागतो. आणि फिरत्या चक्तीच्या जुन्या डिस्कला सुमारें १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट वेळ लागतो. स्मृतीचा फेरा एका सेकंदाचा मानला, तर नव्या डिस्कचा फेरा पावणेसतरा मिनिटांचा व जुन्या डिस्कचा सुमारें २८ तासांचा होईल. दुकानांतून हात लांब करून माल देणें आणि बैलगाडी जुंपून परगांवाहून माल आणणें, एवढें हें अंतर आहे.

मग सर्वच माहिती स्मृतींत कां ठेवीत नाहींत, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. त्याचें उत्तर, स्मृति पूर्वींपेक्षां पुष्कळ स्वस्त झाली तरी माहितीची वाढ तिच्याहून वेगानें झाली आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९६० मध्यें चालू केलेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाची स्मृति २,०४८ शब्दांची होती व प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. आजच्या मापानें ती भरते अवघी १० किलोबाइट. आज ३२ गिगाबाइट स्मृतीचा सर्व्हर साधारण समजला जातो, आणि ती स्मृति टिफ्रॅकच्या सुमारें साडेतेहतीस लाख पट आहे. तरीहि ती पुरत नाहीं, हा रोजचा अनुभव आहे. म्हणून प्रश्न केवळ स्मृति किती आहे हा नसून, ती कोणत्या कामास किती द्यावी हा आहे.

हा हिशेब कसा करावा, तें एका काल्पनिक उदाहरणानें पाहूं. समजा, एका प्रवासी-आरक्षण संस्थेजवळ गेल्या दहा वर्षांच्या २० कोटि तिकिटांच्या नोंदी आहेत, व एका नोंदीस सरासरीनें २५० बाइट जागा लागते. गुणाकार केला असतां ५,००० कोटि बाइट, म्हणजे सुमारें ५० गिगाबाइट होतात. नोंद लवकर सांपडावी म्हणून ज्या सूची ठेवाव्या लागतात, त्यांस आणखी निम्मी जागा धरूं. एकूण भरतें ७५ गिगाबाइट. सर्व्हरची स्मृति मात्र ३२ गिगाबाइट आहे. तेव्हां सर्व माल दुकानांत मावणार नाहीं, हें उघड आहे.

परंतु सर्व माल दुकानांत लागतोच कोठें? आठ वर्षांपूर्वींच्या तिकिटाची चौकशी क्वचित् कोणी करतो. ज्या नोंदींस वारंवार हात लागतो त्या बहुधा चालू वर्षाच्या. दहा वर्षांपैकीं एक वर्ष धरलें तर ७५ गिगाबाइटांचा दहावा भाग, म्हणजे साडेसात गिगाबाइट. एखाद्या कामास ठराविक काळांत खरोखर लागणाऱ्या मालाच्या या राशीस ‘कार्यसंच’ म्हणूं. ही कल्पना पीटर डेनिंग या शास्त्रज्ञानें १९६८ मध्यें मांडली. स्मृति कार्यसंचाहून थोडी जरी कमी पडली तरी यंत्राचा बहुतेक वेळ माल आंत-बाहेर करण्यांतच जातो व खरें काम जवळजवळ थांबतें, हें त्यानें दाखविलें. दुसरी एक उपयुक्त कसोटी जिम ग्रे व फ्रँको पुट्झोलू यांनीं १९८७ मध्यें सांगितली. त्या काळच्या किंमती पाहून त्यांनीं असा नियम काढला कीं, जी माहिती दर पांच मिनिटांत एकदां तरी लागते ती स्मृतींतच ठेवणें फायद्याचें. किंमती बदलल्या तसा हा आंकडाहि बदलला. पण मालाची किंमत व फेऱ्याची किंमत यांची तुलना करून निर्णय घ्यावा, हें त्यामागचें तत्त्व कायम आहे.

पोस्टग्रेस माहितीचीं ८ किलोबाइटचीं पानें करतें व लागलेलीं पानें स्मृतीच्या एका सामाईक भागांत ठेवतें. या भागास शेअर्ड बफर्स म्हणतात. आपल्या दृष्टांतांतलें दुकान तें हेंच. केवळ डेटाबेससाठीं राखलेल्या सर्व्हरवर एकूण स्मृतीचा चौथा हिस्सा या भागास देऊन आरंभ करावा, असें पोस्टग्रेसचे जाणकार सांगतात. ३२ चा चौथा हिस्सा ८ गिगाबाइट. आपला कार्यसंच साडेसातांचा. म्हणजे मेळ बरा बसतो. उरलेली स्मृति वायां जात नाहीं. लिनक्ससारखी संचालन-प्रणाली मोकळ्या स्मृतींत डिस्कवरील फायलींची पानें आपण होऊन राखून ठेवते, आणि पोस्टग्रेस त्या दुसऱ्या दुकानावर भरंवसा ठेवून असतें. मायएसक्यूएलची रीत वेगळी आहे. तेथें बफर पूल नांवाचा सामाईक भाग एकूण स्मृतीच्या शेंकडा ८० पर्यंतहि वाढवितात. एका घरचें माप दुसऱ्या घरीं चालत नाहीं, हें येथें विशेष ध्यानांत ठेवावें.

येथपर्यंतचा खर्च ठरलेला खर्च झाला. आतां पाहुण्यांचा खर्च. डेटाबेसकडे मागणी करण्यासाठीं जो जो येतो त्यास एक जोडणी द्यावी लागते, व प्रत्येक जोडणीस स्वतःची स्मृति लागते. नोंदी तारखेच्या क्रमानें लावावयाच्या असतील, किंवा दोन कोष्टकांचा मेळ घालावयाचा असेल, तर त्या कामासाठीं स्वतंत्र जागा लागते. तिची मर्यादा ‘वर्क मेम’ या आंकड्यानें ठरते. कांहीं न बदललें तर ती ४ मेगाबाइट असते. नवशिक्या व्यवस्थापकास ही रक्कम क्षुल्लक वाटते व तो ती सढळ हातानें वाढवितो. परंतु ती मर्यादा संपूर्ण सर्व्हरची नसते, किंवा एका जोडणीचीहि नसते. एका मागणींतील प्रत्येक क्रमवारीच्या वा मेळाच्या कामास ती निराळी लागू होते. शिवाय हॅश पद्धतीच्या मेळास पोस्टग्रेसच्या १५ व्या आवृत्तीपासून मुळांतच दुप्पट मुभा आहे. पंगतींत पान एक असलें तरी त्यावर वाट्या किती मांडाव्या लागतील हें जेवणाच्या बेतावर ठरतें, तसाच हा प्रकार आहे.

आतां आंकडे मांडूं. समजा, व्यवस्थापकानें १०० जोडण्यांस परवानगी दिली व वर्क मेम ६४ मेगाबाइट ठेवली. प्रत्येक मागणींत अशीं तीन कामें धरलीं तर ६४ गुणिलें ३ गुणिलें १००, म्हणजे १९,२०० मेगाबाइट, अर्थात् पावणेएकोणीस गिगाबाइट लागतील. जुन्या नोंदींची झाडलोट करणारीं तीन कामें मागें चालू असतात. त्यांस प्रत्येकीं १ गिगाबाइटची मुभा दिली आहे. जोडणीचा अंगचा खर्च १० मेगाबाइट धरूं. तेव्हां ताळा असा होतो :

सामाईक भाग : ८ गिगाबाइट
क्रमवारी व मेळ : १८.७५ गिगाबाइट
झाडलोट : ३ गिगाबाइट
१०० जोडण्यांचा अंगचा खर्च : १ गिगाबाइट
संचालन-प्रणाली : २ गिगाबाइट
एकूण : ३२.७५ गिगाबाइट

मिळकत ३२, खर्च पावणेतेहतीस! यांत आणखी कपट असें आहे कीं, हा तोटा एरवीं दिसतच नाहीं. रोज शंभर जोडण्यांपैकीं दहा-पंधराच कामांत असतात. त्यामुळें महिनोंमहिने सर्व कांहीं सुरळीत चालतें व व्यवस्थापकाची खात्री होते कीं आपला हिशेब बरोबर आहे. शंभरच्या शंभर जोडण्या एकदम कामास लागतात त्या एखाद्याच सकाळीं. आपल्या भागांत ती सकाळ कोणती, हें पनवेलकरांस सांगावयास नको. कोंकण रेल्वेचा सारा मार्ग २६ जानेवारी १९९८ पासून सुरू झाला, तेव्हांपासून गणपतीस गांवीं जाणारीं हजारों कुटुंबें पनवेल स्थानकावर गाडी धरतात. आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीं मिळतें, आणि चतुर्थीच्या आधींच्या गाड्यांचें आरक्षण उघडतें त्या दिवशीं असंख्य लोक एकाच मिनिटाची वाट पाहत बसलेले असतात. आपली काल्पनिक संस्था अशा दिवशीं पावणेतेहतीस गिगाबाइट कोठून आणणार?

स्मृति संपली असतां दोन गोष्टी घडतात. प्रथम संचालन-प्रणाली स्मृतींतील कांहीं भाग डिस्कवर हलवूं लागते. यास स्वॅप म्हणतात. दुकानांतला माल वखारींत व वखारींतला दुकानांत, असा हेलपाटा सुरू होतो. आणि हजारपट मंद जागेशीं गांठ पडल्यामुळें सर्वच मागण्या रखडतात. रखडलेली मागणी आपली जोडणी सोडीत नाहीं, नवे लोक येतच राहतात, व गर्दी आणखी वाढते. तेवढ्यानेंहि भागलें नाहीं तर लिनक्स अखेरचा उपाय योजतें. त्याच्या व्यवस्थेंतील ‘ओओएम किलर’ स्मृति खाणारें एखादें काम निवडून तें तत्काळ ठार करतो. पोस्टग्रेसचें एखादें काम असें अचानक मारलें गेलें, तर सामाईक भागांत कांहीं बिघाड राहिला असेल या भीतीनें पोस्टग्रेस उरलेल्या सर्व जोडण्या तोडून टाकतें व पुन्हां आरंभापासून उठतें. ज्यांचा व्यवहार पुरा झाला होता त्यांच्या नोंदी रोजनाम्यांत आधींच लिहिलेल्या असल्यामुळें सुरक्षित राहतात. परंतु जे मध्येंच होते ते सर्व बाहेर फेंकले जातात. एका कामाच्या हांवेपायीं सारी रांग मोडते.

यावर उपाय काय? पहिला उपाय मघांच्या ताळ्यांतच आहे. वर्क मेम ६४ ऐवजीं १६ मेगाबाइट केली तर तें कलम पावणेएकोणीसावरून सुमारें पावणेपांचावर येतें. एकूण खर्च पावणेएकोणीस होतो, व सव्वातेरा गिगाबाइट संचालन-प्रणालीच्या पानांसाठीं मोकळे राहतात. एखाद्या महिनाअखेरच्या अहवालास मोठी जागा खरोखरच हवी असेल, तर ती त्याच कामापुरती वाढवून देतां येते. एका पाहुण्यास पथ्याचें जेवण लागतें म्हणून साऱ्या पंगतीचा बेत बदलण्याचें कारण नसतें.

दुसरा उपाय जोडण्यांच्या संख्येचा. हजार लोक आले म्हणून हजार जोडण्या देऊं नयेत. दारांत पीजीबाउन्सरसारखा एक मध्यस्थ ठेवावा. त्यानें लोकांस रांगेंत उभें करावें व मोकळी झालेली जोडणी पुढच्यास द्यावी. एक मागणी २० मिलिसेकंदांत पुरी होत असेल, तर एक जोडणी सेकंदास ५० व शंभर जोडण्या ५,००० मागण्या पुरवितात. लग्नघरीं हजार पानें एकदम मांडण्यास मांडव पुरत नाहीं; पण शंभरांची पंगत झपाट्यानें उठली तर कोणीहि उपाशी राहत नाहीं.

तिसरा उपाय मोजमापाचा. पोस्टग्रेस स्वतःच आपली हजेरी ठेवतें. किती पानें सामाईक भागांत सांपडलीं व किती बाहेरून आणावीं लागलीं, याचे आंकडे त्याजपाशीं असतात. दहा लाख पानांपैकीं ९,९०,००० सांपडलीं तर प्रमाण शेंकडा ९९ झालें. तें ९८ वर आलें तर पुष्कळांस वाटतें, एकानें काय बिघडतें? परंतु बाहेरून आणावयाचीं पानें १०,००० होतीं तीं २०,००० झालीं; म्हणजे बाहेरचे फेरे दुप्पट झाले. परीक्षेंतील एका गुणासारखा हा एक टक्का नव्हे. तसेंच, वर्क मेम न पुरल्यामुळें ज्या कामांस डिस्कवर तात्पुरत्या फायली कराव्या लागतात त्यांची नोंद ठेवण्याची सोय आहे. अशा नोंदी वारंवार दिसल्या तर मर्यादा थोडी वाढवावी, किंवा योग्य सूची करून क्रमवारीची गरजच टाळावी.

येथें एका फसव्या नांवाविषयीं सावध करणें उचित होईल. ‘इफेक्टिव्ह कॅश साइझ’ नांवाचा एक आंकडा पोस्टग्रेसला सांगतां येतो. तो वाढविल्यानें तिळभरहि स्मृति राखली जात नाहीं. माहिती आणण्याचा मार्ग निवडतांना एकूण किती पानें स्मृतींत असण्याचा संभव आहे, एवढी कल्पना मात्र त्यावरून सॉफ्टवेअरला येते. नांवावरून अर्थ न काढतां वर्णन वाचावें, ही संवय विद्यार्थ्यांस सर्वच शास्त्रांत उपयोगी पडेल.

हे बदल करण्याचीहि एक शिस्त आहे. एका वेळीं एकच आंकडा बदलावा, बदलण्यापूर्वीं व नंतर मोजावें, आणि तें मोजमाप शांत दुपारीं नव्हे तर गर्दीच्या वेळीं करावें. दोन आंकडे एकदम बदलले व सुधारणा झाली, तर श्रेय कोणाचें तें कळत नाहीं. बिघाड झाला तर दोष कोणाचा तेंहि कळत नाहीं. प्रयोगशाळेंत रसायनशास्त्राचे शिक्षक हाच धडा देतात. ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं संगणक आहे त्यांनीं वडीलधाऱ्यांच्या संमतीनें पोस्टग्रेस उतरवून घ्यावें, लाखभर काल्पनिक नोंदी भराव्या व वर्क मेम कमीजास्त करून तीच क्रमवारी किती वेळांत होते तें वहींत टिपून ठेवावें.

पालकांपैकीं कोणी म्हणतील कीं, एवढी काटकसर करण्यापेक्षां अधिक स्मृति विकत घ्यावी. कार्यसंचच मोठा असेल तर तसें करणें रास्तहि आहे. परंतु ज्याचा हिशेब चुकला आहे त्याची मिळकत दुप्पट केली तरी तूट केवळ पुढें ढकलली जाते. आपल्या उदाहरणांत ६४ गिगाबाइट घेऊन जोडण्या व मर्यादा त्याच बेतानें वाढविल्या असत्या, तर पुढच्या गणपतींत तोच प्रसंग पुन्हां उभा राहिला असता. आणि खरेदीचा व विजेचा वाढीव खर्च अखेर तिकीट काढणाऱ्यांच्याच माथीं बसला असता. अंथरूण पाहून पाय पसरावे हें खरें. पण त्यासाठीं आधीं अंथरूण मोजावें लागतें, व त्यावर निजणारे किती हेंहि मोजावें लागतें.

पनवेलच्या परिसरांत आज जीं डेटा सेंटरें उभीं आहेत त्यांत उद्यां काम करणारे कदाचित् याच शाळेच्या बांकांवर बसलेले असतील. त्यांच्या हातून होणाऱ्या गुणाकाराचा परिणाम त्यांनीं कधीं न पाहिलेल्या माणसांवर होईल. रात्रीं दवाखान्यांत आलेल्या रुग्णाचा कागद वेळेवर निघेल कीं नाहीं, आणि म्हाताऱ्या आईस गणपतीस गांवीं नेणाऱ्याला तिकीट मिळेल कीं नाहीं, हें कधीं कधीं या साध्या बेरजेवर ठरेल. म्हणून शाळेंतलें अंकगणित मन लावून करावें, आणि सणाच्या दिवसाचा खर्च आधीं मांडून मगच रोजचा बेत ठरवावा.